नभोवाणीचें गांव कोणतें?

पावसाळ्यांत खडकवासल्याच्या धरणांतून मुठेंत किती पाणी सोडलें, ही वार्ता लंडनच्या किंवा दिल्लीच्या श्रोत्यास निरुपयोगी आहे. नदीकांठीं राहणाऱ्या पुणेकर कुटुंबास मात्र त्या दिवशीं तिच्याइतकी महत्त्वाची वार्ता दुसरी नसते. २५ जुलै २०२४ रोजीं सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत नदीचें पाणी शिरलें, तेव्हां ह्या गोष्टीचा प्रत्यय साऱ्या शहरास आला. जग कितीही जवळ आलें तरी पूर येतो तो एका नदीला, वीज जाते ती एका पेठेंतली, आणि शाळेला सुटी मिळते ती एका जिल्ह्यांतली. माणसाचें ज्ञान विश्वव्यापी झालें, तरी त्याचा संसार स्थानिकच राहतो. म्हणून जगभरचे आवाज घरोघर येऊन पोंचले असतां गांवचा आवाज गांवाला कोण ऐकवणार, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं. पुण्याच्या नभोवाणीपुढें तर तो २०२३ सालीं प्रत्यक्ष उभा राहिला. त्या प्रसंगाकडे वळण्यापूर्वीं नभोवाणीचें स्थानिकत्व म्हणजे काय, आणि तें कसकसें पालटत गेलें, हें क्रमानें पाहणें इष्ट होईल.

आरंभीं हें स्थानिकत्व कोणाच्या इच्छेवर अवलंबून नव्हतें. तें लहरींच्या स्वभावावर अवलंबून होतें. ध्वनिक्षेपणाच्या कामीं येणाऱ्या विद्युच्चुंबकीय लहरी निरनिराळ्या लांबीच्या असतात, आणि लांबीप्रमाणें त्यांचे गुण बदलतात. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात व प्रक्षेपकाच्या शक्तीप्रमाणें दूरवर पोंचतात. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरांतील विद्युद्भारित पट्ट्यावर आपटून परत फिरतात, आणि समुद्र ओलांडून हजारों मैल जातात. ‘एफ. एम.’ ह्या नांवानें परिचित असलेल्या प्रक्षेपणाच्या लहरी याहून आंखूड. त्या बहुतेक सरळ रेषेंत धांवतात, आवाज स्वच्छ देतात, पण डोंगर आड आला कीं क्षीण होतात. पुणें केंद्राची जुनी ओळख असलेली ७९२ किलोहर्ट्झची मध्यम लहर सुमारें ३७९ मीटर लांबीची आहे. त्याच शहरांतील १०१ मेगाहर्ट्झवरील विविध भारतीची लहर जेमतेम ३ मीटरांची आहे. पहिलीचा पल्ला जिल्ह्याच्या शेताशिवारांपर्यंत व त्याहीपलीकडे. दुसरीचा मुख्यतः शहर व त्याचा परिसर. केंद्राचें गांव केवढें, हें अशा रीतीनें पूर्वीं लहरच ठरवीत असे.

हिंदुस्थानांतील पद्धतशीर ध्वनिक्षेपणाचा आरंभ २३ जुलै १९२७ रोजीं झाला. त्या दिवशीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांच्या हस्तें उघडण्यांत आलें. प्रक्षेपक अवघा दीड किलोवॅटचा, आणि त्याचा आवांका सुमारें ३० मैलांचा. पुणें त्या वर्तुळाच्या पुष्कळच बाहेर पडलें. १९३० च्या मार्च महिन्यांत कंपनी मोडली, १ एप्रिलपासून सरकारनें तो कारभार आपल्या हातीं घेतला, आणि ८ जून १९३६ पासून त्यास ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव मिळालें. देश स्वतंत्र झाला त्या वेळीं भारताच्या वांट्यास सारीं मिळून ६ केंद्रें आलीं होतीं. नागपुरास १९४८ सालीं केंद्र मिळालें. पुण्यास मिळालें तें २ ऑक्टोबर १९५३ रोजीं, गांधीजयंतीच्या दिवशीं.

पुणेकर श्रोत्यास स्वतःच्या शहराचें केंद्र मिळण्यापूर्वीं परदेशचा मराठी आवाज मिळाला होता, ही गोष्ट कित्येकांस नवलाची वाटेल. बी. बी. सी. नें लंडनहून मराठी कार्यक्रम १९४२ सालीं सुरू केले, व ते १९५८ पर्यंत चालले. म्हणजे लंडनची मराठी आधीं आली आणि पुण्याची मराठी ११ वर्षांनीं मागाहून आली. जागतिक प्रसारणाचें आक्रमण हें एकविसाव्या शतकाचें अगदीं नवें संकट होय, ही समजूत त्यामुळें बरीच दुरुस्त करावी लागते. दूरचा आवाज घरांत येणें हें नभोवाणीच्या जन्मापासूनच चालत आलेलें आहे. विचार करावयाचा तो इतकाच कीं, त्या आवाजाशेजारीं जवळचा आवाज उभा होता किंवा नव्हता.

पुण्यांत तो उभा राहिला, आणि मोठ्या दिमाखानें उभा राहिला. १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, पुणें केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालें. केंद्रावरील अधिकारी सीताकांत लाड ह्यांच्या सूचनेवरून ग. दि. माडगूळकर ह्यांनीं गीतें रचिलीं व सुधीर फडके ह्यांनीं तीं स्वरबद्ध केलीं. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे अशा अनेकांनीं तीं गाइलीं. आठवड्यास एक नवें गीत, असा वर्षाचा संकल्प होता. त्या वर्षीं अधिक मास आल्यामुळें गीतांची संख्या ५२ वरून ५६ झाली. पंचांगांतील एका महिन्यानें कार्यक्रमाचें वेळापत्रक लांबावें, ही गोष्ट फार बोलकी आहे. ज्या समाजासाठीं तें केंद्र चाललें होतें, त्याच्याच कालगणनेवर तें चाललें होतें. कवि पुण्यांतच राहणारा, ध्वनिमुद्रण पुण्यांत, आणि आठवड्याच्या आठवड्याला नवें गीत तयार ठेवण्याची जबाबदारीही पुण्यांतील मंडळींवर. परंतु त्या कार्याची कीर्ति मात्र पुण्यापुरती राहिली नाहीं. कित्येक भारतीय भाषांत त्याचीं रूपांतरें झालीं, आणि परदेशांतील मराठी कुटुंबांच्या घरीं तें आजही वाजतें. अस्सल स्थानिक वस्तु जगास वर्ज्य नसते, याचें ह्याहून चांगलें उदाहरण मराठींत क्वचितच सांपडेल.

ह्याच केंद्राचा दुसरा प्रयोग तितका गाजला नाहीं, पण महत्त्वानें तो कमी नव्हता. कॅनडांत १९४१ पासून शेतकरी लोक शेजाऱ्यांच्या घरीं जमून शेतीविषयक कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत, आणि आपलें मत केंद्रास कळवीत. ही पद्धत भारतांत कितपत रुजेल, हें अजमावण्यासाठीं युनेस्कोच्या साहाय्यानें १९५६ च्या आरंभीं एक प्रयोग करण्यांत आला, आणि त्यासाठीं पुणें केंद्राची निवड झाली. भोंवतालच्या पांच जिल्ह्यांतील सुमारें १५० खेड्यांत श्रोतृमंडळें स्थापन झालीं. आठवड्यांतून दोनदां, अर्ध्या अर्ध्या तासाचे, असे एकूण २० कार्यक्रम पुण्याहून प्रक्षेपित झाले. मंडळाचीं माणसें एकत्र बसून ऐकत, ऐकून झाल्यावर चर्चा करीत, आणि शंका उरली तर ती केंद्राकडे लिहून पाठवीत. पुढें कार्यक्रमांतूनच तिचें उत्तर मिळे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें ह्या प्रयोगाची पाहणी केली. मंडळें असलेल्या खेड्यांत लोकांचें ज्ञान स्पष्टपणें वाढलें. नुसता रेडिओ असून मंडळ नसलेल्या खेड्यांत तसें घडलें नाहीं, असें तींत दिसून आलें. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यांत आली.

ह्या प्रयोगांतून निघणारा बोध फार मोलाचा आहे. कल्पना कॅनडाची, साहाय्य युनेस्कोचें; पण प्रश्न भोंवतालच्या शेतांतले, आणि उत्तर देणारी माणसें त्याच मातीशीं परिचित असलेलीं. व्यंकटेश माडगूळकरांसारखा खेड्याची नस जाणणारा लेखक पुणें केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांचें काम वर्षानुवर्षें पाहत होता, हें ह्या संदर्भांत ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. बाहेरून आलेल्या विद्येस स्थानिक हात लाभले म्हणजे ती उपयोगी पडते. शिवाय श्रोत्याला उलट बोलतां येतें कीं नाहीं, ह्यावर नभोवाणीचा गुण ठरतो, हेंही ह्या १५० खेड्यांनीं दाखवून दिलें.

त्याच दशकांत उलट बाजूचा अनुभवही आला. १९५२ सालीं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. चित्रपटसंगीताविषयीं त्यांचें मत प्रतिकूल असल्यामुळें आकाशवाणीवरून तें जवळजवळ लुप्त झालें. श्रोता त्यामुळें शास्त्रीय संगीताकडे वळेल, अशी अपेक्षा होती. तो वळला सिलोनकडे. दुसऱ्या महायुद्धांत सैन्यासाठीं कोलंबोस बसविलेले लघुलहरींचे बलाढ्य प्रक्षेपक रेडिओ सिलोनच्या हातीं आलेलेच होते. १९५२ च्या अखेरीस ‘बिनाका गीतमाला’ तेथून सुरू झाली. निवेदक अमीन सयानी मुंबईचे, गाणीं मुंबईचीं, मुद्रणही मुंबईंत. मुद्रित फिती मात्र विमानानें कोलंबोस जात, आणि तेथून लहरींवर स्वार होऊन पुण्यामुंबईच्या घरांत परत येत. आपल्याच घरचें गाणें ऐकण्यासाठीं समुद्रापलीकडे कान लावावा लागावा, हा मोठाच चमत्कार होय. शेवटीं ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं ‘विविध भारती’ सुरू करून आकाशवाणीनें आपलें धोरण बदललें. श्रोत्याची आवड दडपून स्थानिक केंद्राचें रक्षण करतां येत नाहीं. तसें केल्यास श्रोता खुशाल दुसऱ्या देशाचा होतो, हा धडा त्यांतून मिळाला.

पुढचा पालट पैशानें घडविला. १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती घेण्यास सुरुवात झाली, आणि त्यासाठीं प्रथम निवडलेलीं तीन केंद्रें म्हणजे मुंबई, पुणें व नागपूर. जाहिरात ही स्वभावतः वाईट वस्तु नव्हे. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानदाराची जाहिरात ही देखील एका अर्थानें गांवची बातमीच असते. परंतु जाहिरातीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या संस्थेचा हिशेब निराळा पडतो. एक तासाचा चांगला कार्यक्रम तयार करण्यास जो खर्च येतो, तो एकाच केंद्रावर टाकला तर जड वाटतो; तोच कार्यक्रम दहा केंद्रांवरून ऐकविला तर प्रत्येकाच्या वांट्यास दहावा हिस्सा येतो. साबण किंवा टूथपेस्ट विकणाऱ्या मोठ्या कंपनीसही एकेका गांवाशीं स्वतंत्र व्यवहार करण्यापेक्षां दहा शहरें एकदम विकत घेणें सोयीचें पडतें. अशा रीतीनें कोणाच्याही मनांत गांवाविषयीं आकस नसतांना केवळ बेरीज-वजाबाकीच्या जोरावर कार्यक्रम एकसारखे होऊं लागतात. स्थानिकपणाचा खरा प्रतिस्पर्धी परदेश नसून हा हिशेब आहे, हें ओळखल्यावांचून पुढचा इतिहास नीट कळणार नाहीं.

९ फेब्रुवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या खटल्यांत असा निर्णय दिला कीं, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची अथवा कोणा धनिकाची मक्तेदारी असूं शकत नाहीं. हा निर्णय देणाऱ्या पीठावर न्यायमूर्ति पी. बी. सावंत होते. त्यानंतर जुलै २००१ मध्यें बंगळूर येथें पहिलें खासगी एफ. एम. केंद्र सुरू झालें, आणि कांहीं वर्षांतच पुण्याच्या हवेंत अनेक खासगी केंद्रांचे आवाज मिसळले. त्यांनीं नभोवाणीस तारुण्य दिलें, हें मान्य केलें पाहिजे. सकाळच्या वाहतुकीची कोंडी, गणेशोत्सवाचे देखावे, हिंजवडीहून परतणाऱ्यांचा कंटाळा, ह्या गोष्टी नभोवाणीवर मोकळेपणानें बोलण्याची चाल त्यांनींच पाडली. त्यांच्या निवेदनांत मराठीबरोबर हिंदी व इंग्रजी सर्रास मिसळलेली असते, याची तक्रार जुने श्रोते करतात. ती तक्रार रास्त आहे. परंतु नोकरीच्या निमित्तानें देशभरचे लोक पुण्यांत स्थायिक झाल्यानें शहरही पूर्वीचें राहिलेलें नाहीं, हेंही विसरतां कामा नये.

मात्र दोन बंधनांमुळें ह्या केंद्रांचें स्थानिकत्व अपुरें राहिलें. पहिलें असें कीं, खासगी केंद्रांस स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई होती. २०११ च्या धोरणानें त्यांना आकाशवाणीचीं बातमीपत्रें जशींच्या तशीं ऐकविण्याची सवलत मिळाली. वाहतूक, हवामान, परीक्षा, पाणीपुरवठा अशा माहितीस बातमी न मानण्याचेंही ठरलें. तासाला १० मिनिटांपर्यंत बातम्या देण्याची मुभा असावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०२३ सालीं केली. दुसरी गोष्ट अशी कीं, त्याच २०११ च्या धोरणानें एका कंपनीच्या अनेक शहरांतील केंद्रांस एकमेकांचे कार्यक्रम जोडून घेण्याची परवानगी दिली. म्हणजे पाणी कधीं येणार हें सांगण्याची मुभा. पण तें कां आलें नाहीं, असें महानगरपालिकेस विचारण्याचा मार्ग जवळजवळ बंद. आणि शिवाय रात्रीचा निवेदक कोणत्या शहरांतून बोलतो आहे, हें श्रोत्यास कळण्याची खात्री नाहीं. गांवाचें नांव घेणें निराळें आणि गांवाची दखल घेणें निराळें.

परदेशांतही हाच ओघ दिसतो. अमेरिकेंत १९९६ च्या कायद्यानें एका मालकाकडे देशभरांत किती केंद्रें असावींत ही मर्यादा काढून टाकली. ज्या कंपनीजवळ पूर्वीं ४० च्या आसपास केंद्रें होतीं, तिच्याजवळ कांहीं वर्षांत १२०० हून अधिक झालीं. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर नॉर्थ डाकोटांतील मायनॉट ह्या गांवाजवळ मालगाडी घसरून अमोनिया वायूचा लोट पसरला व एक माणूस दगावला. गांवांतील सहाही व्यापारी केंद्रें एकाच कंपनीचीं होतीं. पोलिसांनीं दूरध्वनि केला, पण केंद्रावर तो उचलणारें कोणी मिळेना. संकटसूचना देण्याची यंत्रणा स्थानिक अधिकाऱ्यांनीं नीट वापरली नाहीं, असें कंपनीचें म्हणणें पडलें. दोष कोणाचाही असो, यंत्र चालू होतें आणि माणूस जागेवर नव्हता, हें खरें. इंग्लंडांत बी. बी. सी. नें ८ नोव्हेंबर १९६७ रोजीं लेस्टर येथें पहिलें स्थानिक केंद्र काढलें होतें; पुढें अशीं ३९ केंद्रें झालीं. खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठीं २०२३ पासून त्यांचे दुपारनंतरचे बरेचसे कार्यक्रम शेजारच्या केंद्रांशीं समाईक करण्यांत आले. नॉर्वेनें २०१७ सालीं राष्ट्रीय वाहिन्यांचें एफ. एम. प्रक्षेपण बंद करून अंकीय पद्धति स्वीकारली, तेव्हां अनेक लहान स्थानिक केंद्रें मात्र जुन्या लहरीवरच राहिलीं. श्रीमंत देशांतही हा प्रश्न सुटलेला नाहीं, तेव्हां आपणच मागें पडलों असें समजण्याचें कारण नाहीं.

महाराष्ट्रांत ह्या प्रश्नाचें एक निराळें उत्तर लहान प्रमाणावर शोधण्यांत आलें आहे. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ २००५ सालीं १०७.४ मेगाहर्ट्झवर सुरू झाली. २००६ च्या धोरणानें शिक्षणसंस्थांप्रमाणें लोकसेवी संस्थांसही अशीं सामुदायिक केंद्रें काढण्याचा अधिकार दिला. प्रक्षेपकाची शक्ति साधारण १०० वॅट, पल्ला थोड्याच मैलांचा, आणि निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक असावेत ही अट. सातारा जिल्ह्यांतील दुष्काळी माण तालुक्यांत, म्हसवड येथें, ‘माणदेशी तरंग’ हें केंद्र २००८ पासून ह्या पद्धतीनें चाललें; जेथें पाणी, जनावरांचा चारा आणि बायकांची बचत हे जीविताचे प्रश्न, तेथें तेच नभोवाणीचे विषय झाले. येथें लहान पल्ला हें वैगुण्य न राहतां तोच गुण ठरला. मात्र बातम्यांचें बंधन ह्या केंद्रांवरही आहे, आणि उत्पन्नाचें साधन अपुरें असल्यानें तीं चालविणें नेहमींच कष्टाचें होतें.

ह्या सर्वांवर कळस चढविला तो इंटरनेटनें. लहरीची लांबी, प्रक्षेपकाची शक्ति, डोंगराची आडकाठी ह्या साऱ्या गोष्टी त्यानें निरर्थक केल्या. खिशांतल्या फोनवर टोकियोचें केंद्र आणि टिळक रस्त्यावरच्या घरांत केलेला पॉडकास्ट सारख्याच सुलभतेनें लागतात. पण ह्या बदलास दुसरी बाजू आहे. प्रसार भारतीच्या ‘न्यूज ऑन एअर’ ह्या ॲपवरून आकाशवाणी किती ऐकली जाते, याच्या याद्या २०२१ सालीं प्रसिद्ध होऊं लागल्या, तेव्हां देशांतील शहरांत पुण्याचें नांव अग्रभागीं दिसलें. ज्या शहरांत करमणुकीच्या साधनांचा दुष्काळ नाहीं, त्याच शहरांत आकाशवाणी ऐकण्याची इच्छा एवढी शिल्लक असावी, ह्यांत मर्म आहे. न्यू जर्सींत राहणारी पुण्याची लेकही आतां माहेरचें केंद्र ऐकूं शकते. पूर्वीं लहर जेथें संपे तेथें केंद्राचें गांव संपत असे. आतां केंद्राचें गांव तेथपर्यंत पसरतें, जेथपर्यंत त्या गांवाविषयीं आस्था असलेला माणूस आहे. म्हणून स्थानिकत्व आतां निसर्गाकडून आपोआप मिळणार नाहीं. तें निश्चयानें निर्माण करावें लागेल.

तें आहे किंवा नाहीं, हें कसें ओळखावें? त्यासाठीं तीन साध्या कसोट्या पुरेशा आहेत. बोलणारा त्या गांवांत राहतो काय, म्हणजे तेथील पूर, महागाई व उत्सव त्याच्याही वांट्यास येतात काय? कार्यक्रमाचा विषय त्या गांवांतून उत्पन्न झाला आहे, कीं दुसरीकडचें परिपत्रक मराठींत वाचून दाखविलें जात आहे? आणि चूक झाली तर जाऊन जाब विचारण्यासाठीं गांवांत एखादें दार आहे काय? ह्या कसोट्या सरकारी व खासगी, दोन्ही केंद्रांस सारख्याच लागू पडतात. केवळ इमारत शिवाजीनगरांत असल्यानें कोणी स्थानिक होत नाहीं, आणि केवळ मालक परगांवचा असल्यानें कोणी परका ठरत नाहीं.

२०२३ च्या प्रसंगाचें महत्त्व ह्या कसोट्यांवरून ध्यानांत येईल. त्या वर्षीं जूनमध्यें पुण्याच्या आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचें काम छत्रपती संभाजीनगर येथील केंद्राकडे सोंपविण्याचा निर्णय जाहीर झाला. सकाळीं ७ वाजून १० मिनिटांनीं लागणारें पुण्याचें बातमीपत्र हें कित्येक घरांचें घड्याळच होय. चहाचा कप आणि तें बातमीपत्र यांची सांगड पिढ्यान्‌पिढ्या बसलेली. शहरांतून ह्या निर्णयास जोराचा विरोध झाला, लोकप्रतिनिधींनीं दिल्लीपर्यंत गाऱ्हाणें नेलें, आणि निर्णयास स्थगिती मिळाली. बातम्या संभाजीनगराहून आल्या असत्या तरी मराठींतच आल्या असत्या. निवेदकाचे उच्चार कदाचित् अधिकही शुद्ध असते. मग बिघडलें काय असतें? बिघडलें असतें तें हें कीं, पुण्याच्या महानगरपालिकेच्या सभेंत बसणारा, ससून रुग्णालयांत जाऊन चौकशी करणारा, आणि खडकवासल्याच्या विसर्गाचा आंकडा अधिकाऱ्यास स्वतः विचारणारा वार्ताहर हळूहळू अनावश्यक ठरला असता. बातमी वाचणें कोठूनही होतें. बातमी मिळविणें जागेवर उभें राहूनच होतें. मायनॉटचा दाखला आणि पुण्याचा दाखला येथें एकत्र येतात.

तथापि स्थगिती म्हणजे कायमचा उपाय नव्हे. खर्च व मनुष्यबळ ह्यांची अडचण उद्यां पुन्हां पुढें येईल, आणि भावनेच्या जोरावर दरवेळीं निभावणार नाहीं. पुणें केंद्रानें आपली गरज कामानेंच सिद्ध केली पाहिजे. नाटकें, कीर्तनें, मुलाखती यांचा जो ध्वनिमुद्रित ठेवा जुन्या केंद्रांजवळ असतो तो जतन करून लोकांपुढें आणणें; नव्या गायक-लेखकांस ‘गीतरामायणा’च्या काळीं मिळाली तशी भरंवशाची संधि देणें; १९५६ च्या श्रोतृमंडळांप्रमाणें प्रभागाप्रभागांतील नागरिकांचे प्रश्न घेऊन अधिकाऱ्यांकडून उत्तरें मिळविणें; ह्या गोष्टी जगांतली कोणतीही बलाढ्य संस्था पुण्यासाठीं करणार नाहीं, कारण त्यांत तिचा हिशेब बसत नाहीं. त्या पुणें केंद्रासच कराव्या लागतील. रटाळ कार्यक्रम केवळ गांवचा म्हणून कोणी ऐकत नाहीं, हें सिलोनच्या काळींच सिद्ध झालेलें आहे.

श्रोत्याकडेही कांहीं कर्तव्य येतें. वृत्तविभाग बंद होणार असें कळल्यावर पुणेकर जागे झाले, ही चांगली गोष्ट. परंतु चांगला कार्यक्रम लागला तेव्हां केंद्रास चार ओळी लिहिणारे, चुकीचा उच्चार किंवा चुकीची माहिती ऐकल्यावर ती कळविणारे, आपल्या सोसायटीच्या पाण्याचा प्रश्न घेऊन केंद्रापर्यंत जाणारे किती, हें ज्याचें त्यानें मनांत तपासून पाहावें. ऐकणारें गांव मुकें राहिलें, तर बोलणारें केंद्र परकें व्हावयास वेळ लागत नाहीं. विद्युत्, उपग्रह व इंटरनेट ह्यांनीं जगाचा आवाज घरांत आणून दिला आहे, आणि तो आनंदानें ऐकावा. त्या आवाजांत पुण्याचाही एक स्वर राहावा असें वाटत असेल, तर तो स्वर कोणी बाहेरून पुरवील अशी वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. तो येथेंच घडवावा, येथेंच तपासावा आणि येथूनच जगास ऐकवावा, एवढेंच सुचवावयाचें आहे.